घड्याळ पुढे पळालं ते सेलमुळे नाही, मदरबोर्डमुळेही नाही. चूक आमची होती

ग्रंथपाल मॅडम, नमस्कार.

तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय ते दोनदा वाचलं. दुकान माझं आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. वाचनालयाचा कॉम्प्युटर रोज सकाळी जुन्याच सालाची तारीख दाखवायचा म्हणून तुम्ही आम्हाला बोलावलं. आमच्या दुकानातला मुलगा सेल बदलून ४५० रुपये घेऊन गेला. त्यानंतर घड्याळ पुढे पळायला लागलं आणि चौदा दिवसांत चार तासांच्या वर गेलं. पुन्हा बोलावल्यावर त्याने मदरबोर्ड गेलाय असं सांगून साडेचार हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. मधल्या मध्ये वेळेत पुस्तकं आणून देणाऱ्या वाचकांना दंड लागला. आणि बसवलेला सेल जुनाच असावा, असाही तुम्हाला संशय आहे.

सेलची गोष्ट सोडली तर बाकी सगळं तुम्ही लिहिलंय तसंच घडलं.

शनिवारी दुपारी मी स्वतः येऊन गेलो. तुम्ही मीटिंगला गेला होतात, तुमच्या मदतनीस ताई होत्या. मशीन सकाळी आठला सुरू केलेलं होतं आणि माझ्या मोबाइलपेक्षा ४ तास २२ मिनिटं पुढे होतं. मी कशालाच हात लावला नाही. मोबाइल शेजारी ठेवून चार ते सहा नुसता बसून राहिलो. दोन तासांत तो फरक काही वाढला नाही. म्हणजे चालू असताना घड्याळ अगदी नीट चालत होतं. मग सहा वाजता मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि फरक झाला साडेचार तासांचा. त्या एका रीस्टार्टमध्ये घड्याळाने साडेसात मिनिटांची उडी मारली होती.

तिथेच गोष्ट उलगडली. कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरच्या चिपमध्ये, जे मशीन बंद असताना सेलवर चालतं. दुसरं मशीन चालू असताना ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः मोजते, आणि सुरू होताना पहिल्या घड्याळाकडून वेळ घेते. पहिल्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. साध्या स्फटिकातही दहा लाखांत वीसच्या आसपासच चूक असते, म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद. तुमचं घड्याळ दिवसाला १८ मिनिटं पुढे जात होतं, म्हणजे सव्वा टक्का. साधा स्फटिक इतका भरकटत नाही, तेव्हा सुरू होतानाची ती उडी दुसऱ्याच कशाने तरी बसत होती. आणि सेल उतरला तर घड्याळ मागे पडतं किंवा जुन्या तारखेवर जातं, पुढे पळत नाही. हे आमच्या मुलाला ठाऊक असायला हवं होतं. ते शिकवणं माझं काम होतं आणि मी त्यात कमी पडलो.

खरी भानगड अशी झाली. सेल बदलल्यावर त्याने वेळ लावली ती तुमच्या भिंतीवरच्या घड्याळावरून, आणि ते १८ मिनिटं मागे होतं. खिशात मोबाइल होता, पण त्याने बघितला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच सुमाराला तुम्ही फोन केलात की वेळ मागे दिसतेय. त्याने फोनवरच दोन कमांड सांगितल्या आणि ताईंनी त्या टाइप केल्या. तेवढ्यापुरती वेळ बरोबर झाली.

पण तुमच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तीही जुनी. त्यात वेळ चिपमध्ये लिहिणारा जो प्रोग्राम आहे, एचडब्ल्यूक्लॉक, तो दर वेळी एक हिशोबही ठेवतो: मागच्या वेळी घड्याळ लावलं तेव्हापासून ते किती चुकलं? काल लावलेलं घड्याळ आज १८ मिनिटं मागे सापडलं, तेव्हा त्याने धरून चाललं की हे घड्याळ रोज १८ मिनिटं मागे पडतं. ईटीसी फोल्डरमधल्या अ‍ॅडजटाइम नावाच्या छोट्याशा फाइलच्या पहिल्या ओळीत मला १०८० च्या जवळपासचा आकडा दिसला. १०८० सेकंद म्हणजे बरोबर १८ मिनिटं. तेव्हापासून मशीन सुरू झालं की ते मधल्या काळाची ‘भरपाई’ करायचं आणि चांगलं चाललेलं घड्याळ पुढे ढकलायचं. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हे दहा तास, त्यांची भरपाई साडेसात मिनिटं. मी बघितलेली उडी नेमकी तेवढीच होती.

वाचनालयात इंटरनेट जोडलेलं नाही, नाहीतर बाहेरच्या टाइम सर्व्हरवरून वेळ बरोबर होत राहिली असती आणि हे इतकं वाढलं नसतं.

मी ती फाइल काढून टाकली, मोबाइलवरून वेळ लावली आणि दोनदा बंद-चालू करून बघितलं. उडी गेली. नवीन पार्ट एकही लागला नाही. मदरबोर्ड ठणठणीत आहे, ते कोटेशन फाडून टाका.

सेलबद्दल मात्र सांगायला हवं. बसवलेला सीआर२०३२ नवीनच आहे. शनिवारी मीटरवर तीन व्होल्टच्या वर दाखवला, ताईंसमोरच मोजला. पण एवढं सगळं झाल्यावर तुम्हाला संशय आला, यात तुमची चूक नाही.

जाण्याआधी ताईंनी कोहामध्ये, म्हणजे वाचनालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शुक्रवारच्या नोंदी उघडून दाखवल्या. एका वाचकाने रात्री आठ वाजता दोन पुस्तकं परत केली, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. नोंदीत वेळ पडली १२ वाजून ४ मिनिटं, तारीख दुसऱ्या दिवसाची, आणि दंड दोन रुपये. ताई म्हणाल्या, ते आजोबा काही न बोलता पैसे ठेवून गेले. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. त्या आजोबांनी एक दिवसही उशीर केला नव्हता.

तुमचे ४५० रुपये आणि दुसऱ्या खेपेचा व्हिजिट चार्ज मी ताईंकडे पाकिटात दिलाय, पावती सोबत आहे. मंगळवारी सकाळी वाचनालय उघडायच्या वेळी मी त्याच मुलाला घेऊन येतो. त्या पंधरा दिवसांत रात्री परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी आम्ही तुमच्यासोबत बसून एकेक तपासू आणि चुकीचा दंड ज्यांनी भरला त्यांची यादी करू. ती रक्कम आमच्याकडून.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट, कारण ही तक्रार घेऊनही दुकानात लोक येतात. घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे किंवा मागे असेल आणि मशीनवर विंडोज, लिनक्स दोन्ही असतील, तर बिघाड काही नाही. विंडोज चिपमध्ये भारतीय वेळ ठेवतं, लिनक्स सहसा ग्रीनिचची. एका सेटिंगमध्ये ते नीट होतं. त्यासाठी कुणी सेल विकायला लागला तर घेऊ नका, आमच्याकडचाही नाही.

मॅडम, मंगळवारी येताना भिंतीवरच्या घड्याळालाही नवा सेल घेऊन येतो.