"नाही" म्हणायच्या आधी सूची तरी उघडा

आज दुपारपासून डोकं तडकलंय, म्हणून लिहितोय.

वाचनालयात पुस्तक बदलायला गेलो होतो. माझ्या पुढं विशीतला एक पोरगा उभा. सोलापूरच्या हातमागांवरचं 1962 सालचं एक पुस्तक मागत होता. नाव, लेखक, साल, सगळं चिठ्ठीवर लिहून आणलेलं. काउंटरवरच्या माणसानं चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही. "आता मिळत नाही ते. नेटवर बघा."

ओ, "आमच्याकडं नाही" आणि "मिळत नाही" यात काही फरक आहे की नाही?

मला अण्णा आठवले. मिल बंद पडल्यावर अण्णांना एकच ध्यास लागला होता. मे 1930 मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला, त्या दिवसांवरची एक पुस्तिका. स्वातंत्र्याच्या सुमाराला इथल्याच एका छापखान्यात छापलेली. त्यात आजोबांच्या चाळीचा उल्लेख आहे, असं ते शपथेवर सांगायचे. नव्या पेठेतले दुकानदार ऐकूनच मान हलवायचे. आम्ही घरचेही कंटाळलो होतो.

आमच्या वाचनालयातल्या बाई मात्र उठल्या आणि दाते सूचीचा खंड काढून बसल्या. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1950 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची नोंद करून ठेवलीय, दोन भागांत. दुसऱ्या भागात पुस्तिका सापडली! म्हणजे अण्णांना भास होत नव्हता. मग बाईंनी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांना जोडकार्डं टाकली. सात महिने गेले.

आता कोणी म्हणेल, कर्मचाऱ्यांचे पगार बघा, अनुदान कधी येतं ते बघा. बघितलंय. पगार लाजिरवाणे आहेत, मान्य. पण चिठ्ठी वाचायला काय लागतं?

दरवर्षी 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो आपण. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हे त्यांचंच सूत्र ना? आणि 1954 चा कायदा आहे: देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत प्रकाशकानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ग्रंथालयांना द्यायची. सगळे प्रकाशक पाळत नाहीत, ठीक. तरी 1962 चं पुस्तक तिथं विचारता येतं. एका ग्रंथालयानं दुसऱ्याकडून पुस्तक मागवायची आंतरग्रंथालयीन देवघेवही काही नवी नाही. ती वाचकाला काउंटरवरूनच कळायला हवी, त्याला दुसरं कोण सांगणार?

नेटवर पुष्कळ मिळतं, मीही वाचतो. पण गावातल्या छापखान्यात पाचशे प्रती निघालेलं पुस्तक नेटवर कोण चढवणार? त्याची प्रत कुठल्या तरी कपाटात असते, आणि ते कपाट कुणाला तरी शोधावं लागतं.

अण्णांची पुस्तिका पुण्याहून रजिस्टर पोस्टानं आली. घरी न्यायची नाही, इथंच बसून वाचायची, ही अट. अण्णा चार दिवस इस्त्रीचा सदरा घालून गेले. खिडकीजवळच्या टेबलावर बसून वहीत उतरवून घेत होते. बाई मधेच चहा पाठवायच्या. चाळीचा उल्लेख होता. एकच ओळ, नावही चुकीचं छापलेलं. अण्णांनी त्या रात्री ती ओळ आम्हाला तीनदा वाचून दाखवली.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्या माणसालाही कदाचित कुणी सूची कशी बघायची ते दाखवलं नसेल. बाई निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कायमचं माणूस आलंच नाही.

पोराला मी पार्क चौकात गाठलं. चिठ्ठीचा फोटो घेतलाय, खाली टाकतोय. त्याची आजी हातमागावर बसायची, तिच्या मागाचे भाग त्याला त्या पुस्तकातल्या आकृतींवरून ओळखायचेत. मुंबईत टाउन हॉलच्या बाजूला कामाला जाणारं कुणी असेल तर तिथल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एवढी चिठ्ठी दाखवाल का? सोलापुरात कुणाच्या माळ्यावर प्रत असेल तरी कळवा. मी स्वतः येऊन, वाचून, परत आणून देईन.