‘मीठ टाकलं की बर्फ वितळतो, मग गारवा कसला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मीठ-बर्फाच्या हंड्यात कुल्फी कशी गोठते यावरच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया वाचली. ‘सराफ्यातली (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली) कुल्फी खाऊन विज्ञान येत नाही, आधी सातवीचं पुस्तक उघडा’ हे वाक्य नसतं तर उत्तर चार ओळींत आटोपलं असतं. शंका विचारायला कुणाची ना नाही. पण शंका वेगळी आणि शेरा वेगळा, आणि आपण शेरा आधी मारलात.

एक चूक माझी, कबूल. पाणी १०० अंशांना उकळतं असं मी सरसकट लिहिलं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून इथे ते ९८च्या आसपासच उकळतं. दुरुस्त केलंय.

आता आपलं लाडकं वाक्य: ‘मिठाने बर्फ लवकर वितळतो, मग हंडा जास्त गार कसा होणार?’ अहो, वितळतो म्हणूनच तर गार होतो! शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचं शून्य अंशाचंच पाणी व्हायला ३३४ ज्यूल लागतात. खाली शेगडी नाही, मग ते येणार कुठून? उरलेल्या बर्फातून, खारट पाण्यातून, साच्याच्या पत्र्यातून आणि आतल्या दुधातून. शंभर ग्रॅम बर्फ वितळला की लिटरभर दूध सात-आठ अंशांनी उतरेल एवढी उष्णता ओढली जाते.

नुसता बर्फ शून्याला अडतो, कारण तिथे जितके रेणू सुटतात तितकेच परत चिकटतात. बर्फावरच्या पाण्याच्या पापुद्र्यात मीठ विरघळलं की परतणारे कमी पडतात. वितळणं चालूच राहतं, तापमान घसरत जातं. द्रावणात वजनाने २३ टक्के मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंत. कुल्फीच्या दुधात साखर, ते शून्याला गोठतच नाही. म्हणून हा खटाटोप.

आपली कुल्फी ‘बसलीच नाही’ याचं कारणही आपणच लिहून दिलंय: लादीचे मोठे तुकडे, आणि मीठ सगळं तळाशी. बर्फ सुपारीएवढा फोडा, वजनाने तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ, थराथराने. सुटलेलं पाणी लगेच ओतून टाकू नका, साच्याला लगटून गारवा पोचवतं ते तेच. फक्त ते झाकणाच्या खाली ठेवा आणि झाकणाची फट कणकेने लिंपा. बर्फ थेट फ्रीजरमधला, कोरडा खडखडीत असेल तर आधी वाटीभर पाणी शिंपडा, नाहीतर मीठ नुसतंच बसून राहतं.

‘कापूर वितळतच नाही’ असंही आपण म्हणता. वितळतो, १७५ अंशांच्या आसपास. त्यावर वाद नको.

आणि ‘मास्तर लोक असेच’ हेही वाचलं. बावीस वर्षं हेच शिकवतोय. पोरं चुकतात, पण विचारतात नीट.

अजूनही पटत नसेल तर हंड्यात थर्मामीटर बुडवून बघा. तापाचा नको, तो ३५च्या खाली दाखवत नाही.