जुनेराचा आहेर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली की खान्देशात घरोघरी एकच खल चालतो: माहेरी येणाऱ्या लेकीला द्यायचं काय? साड्या तिच्याकडे ढीगभर आहेत. स्टीलचे डबे इतके झालेत की डब्यात डबा, त्यात डबी. तेवढ्यात कुणीतरी बातमी आणतं की पोरगी हल्ली गोधडी शिवायला शिकतेय. झालं! यंदा तिला काहीतरी उपयोगी द्यायचं ठरतं, आणि तिथून पोरीचे हाल सुरू होतात. उपयोगी वस्तू निवडणारे सगळे गोधडी पांघरणारे असतात, शिवणारे नसतात.

पहिला मान कापसाचा. घरचाच आहे, घेऊन जा, म्हणत तीन किलोचं गाठोडं पुढे येतं. हा कापूस सरकीसकट. जिनिंगमधून काढला तर त्यातून जेमतेम एक किलो रुई निघते, बाकीची सरकी म्हशीची. बरं, ती रुई तरी गोधडीत भरावी? सुटी रुई दोन कापडांत घालून धावदोरा मारला की ती सुईच्या पुढे पुढे पळते आणि पहिल्याच धुण्याला कोपऱ्यात गोळा होऊन बसते. ती गादीची नाहीतर रजईची. आपल्या गोधडीच्या पोटात कापडावर कापडच लागतं.

मग येतो शहरातला भाऊ. तो गोल पात्याचा कटर आणतो. करंजीच्या कातण्यासारखं दिसतं, पण पातं असं की बोटाला लागेपर्यंत कळत नाही. पंचेचाळीस मिलिमीटरचं पातं शिकणाराला बरं पडतं. मात्र या कटरला दोन भावंडं आहेत, खाली अंथरायची चटई आणि जाड पारदर्शक पट्टी, सहा बाय चोवीस इंचांची. भाऊ नेमका एकटा कटर आणतो. पहिला तुकडा कापून होतो तेव्हा कापडाबरोबर जेवणाच्या टेबलाचा सनमायकाही कापलेला असतो. आणि चटई आणलीच, तर ती मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या उन्हात गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवू नये. ती निखाऱ्यावरच्या पापडासारखी वळते आणि मग जन्मात सरळ होत नाही. त्याच गाडीत खुणा करायचं, इस्त्रीने पुसणारं पेन आणि त्याने आखून ठेवलेलं कापड राहिलं, तर आणखी मजा. ती शाई साठेक अंशाला अदृश्य होते आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड तेवढा सहज तापतो. दोन तासांची आखणी इस्त्रीविनाच साफ! आपल्याकडे शिंप्याचा खडूच खरा. फक्त तासलेला ठेवायचा, बोथट खडूची रेघ गव्हाच्या दाण्याएवढी जाड होते.

चौकोनी तुकड्यांचं पाकीट हा दिसायला सगळ्यात देखणा आहेर. चार इंची चाळीस चौकोन, रंगसंगती जुळवलेली, वर रिबीन. आता हिशेब करा. प्रत्येक कडेला पाव इंच शिवणीत जातो, चौकोन उरतो साडेतीन इंचाचा. पाच बाय सात फुटी गोधडीला असे सतरा गुणिले चोवीस, म्हणजे ४०८ चौकोन लागतात. चाळिसात उशीचा एक अभ्रा होतो, तोही एकाच बाजूचा. शिकणारी मुलगी रिबीन सोडते, चौकोन मोजते आणि पाकीट पुन्हा बांधून ठेवते. ते पुढच्या वर्षी तिच्या नणंदेला जातं.

अस्तराचंही तेच. प्रेमाने अडीच मीटर कापड आणतात. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात पाच बाय सातचं अस्तर काढायचं, चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त सोडायचं आणि सुती कापड धुतल्यावर आटतं तेही धरायचं, म्हणजे पावणेपाच मीटर हवं. अडीच मीटरच द्यायचं असेल तर सोबत सांगा की बाळाची गोधडी शिव. तीन बाय साडेतीन फुटांची, एका पन्ह्यात बसते, शिकायला तीच योग्य आणि सव्वा मीटरमध्ये भागते. उरलेल्यात दुसऱ्या बाळाची.

आता खरं कामाचं काय ते. सगळं मिळून फार पैसे लागत नाहीत, म्हणून ते कुणी देत नाही. लांब, जाड, मोठ्या नाकाची सुई, चांगली पाच-सहा. दाभण नको, ते पोत्याचं. गोधडीला त्याने भोकं पडतात. मशीनचा बारीक दोरा चार थरांतून ओढताना तुटतो, म्हणून जाड सुती दोऱ्याची रिळं. दोरा एका वेळी हातभरच घ्यायचा, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. पुन्हा पुन्हा ओवायचा आळस करून दोन हात घेतला की तो स्वतःलाच गाठी मारतो. मधाच्या पोळ्याच्या मेणाचा एक गोळा दिलात तर पोरगी दुवा देईल, कारण मेणावरून ओढलेला दोरा गुंतत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे धातूची टोपी, हवंच, नाहीतर सुईचं नाक उलटं बोटात शिरतं. ते बोटाच्या मापाचं घ्या. सैल असलं की प्रत्येक टाक्याला घरंगळून खाटेखाली जातं.

आणि सेफ्टीपिना! दोन-चार तर प्रत्येकीच्या बांगडीत असतातच, पण इथे शेकड्यांनी लागतात. थर एकावर एक अंथरून, सुरकुती काढून, दर चार बोटांवर पीन. कंटाळा करून वीत-वीत अंतर सोडलं की वरचं कापड सरकतं आणि गोधडीला मधोमध पोट सुटतं. ते पोट कुठल्याही व्यायामाने जात नाही, उसवावंच लागतं.

कात्री द्यायची तर आठ-दहा इंची, शिंप्याची, आणि तिच्यासोबत कुलूप. धारदार कात्री घरात आली की दुधाची पिशवी, कुरिअरचा खोका, नवऱ्याच्या मिशा, सगळ्यांना तिचीच आठवण येते. कागदावर चालली की तिची धार मरते आणि मग ती कापड कापत नाही, चावते. काहींना वाटतं सुई-कात्री दिली की वैर येतं. त्यांनी मुलीकडून रुपया घ्यावा, म्हणजे तो आहेर न राहता विक्री होते.

पण सगळ्यात कामाचा आहेर कुणी उघडपणे देऊ धजत नाही. तो म्हणजे जुनेर. नेसून नेसून मऊ झालेली सुती लुगडी, चार-पाच. खान्देशच्या उकाड्यात सिंथेटिक साडीची गोधडी म्हणजे घामाचं डबकं, शिवाय ती निसरडी, थर हलतात. सुती सहावारी मधोमध कापून दोन तुकडे जोडले की मोठ्या गोधडीचा एक थर निघतो. वर एक, खाली एक, मध्ये दोन. त्याहून जास्त थर घेतले की शिकणारीला सुई ओढणं जड जातं. लुगडं आधी उजेडासमोर धरा. जिथून ऊन चाळणीसारखं येतं, तिथे दोन अंगठ्यांनी हलकेच ताणा. टर्र झालं तर तो भाग पोटात, काठ आणि पदर वर. खळ असेल तर धुऊन काढा, नाहीतर कसर लागते. लाल रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमाल गुलाबी झाला की ते लुगडं वेगळं धुवा. रंग जायचा थांबेपर्यंत त्याला गोधडीत जागा नाही.

एवढं पटवून, मन घट्ट करून तुम्ही कपाटातलं जुनं लुगडं काढता, घडी करून मुलीच्या पिशवीत सरकवता, आणि गच्चीवर जुन्या लुगड्यावर ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, घालायची तयारी चाललेली असते, तिथून अहिराणीत आवाज येतो, "ते लुगडं बिबडासले ठेयेल शे व माय!"