तीन स्टारवाला रिव्ह्यू तळाला का जातो?

कर्वे रोडवरच्या आमच्या कट्ट्यावर परवा जोरदार वाजलं. मंद्या हिंजवडीत डेटाचं काम करतो. हॉस्पिटलांचे हजारो ऑनलाइन रिव्ह्यू मशीन लर्निंगनं, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामनं (त्यालाच तो मॉडेल म्हणतो), चाळायचे आणि कामाचे तेवढे वर आणायचे, असं त्याच्या मनात आहे.

"सोपं आहे," तो म्हणाला. "रिव्ह्यू उपयोगी वाटला की लोक अंगठा देतातच. जास्त अंगठे तो उपयोगी, मॉडेलला हेच शिकवायचं."

ताईंनी मोबाइल पुढे केला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरवायचंय म्हणून त्या सध्या हेच वाचतायत. सगळ्यात वर पाच स्टार: 'डॉक्टर बेस्ट, स्टाफ खूप छान.' त्याला ढीगभर अंगठे. बरंच खाली, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, तीन स्टार: सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं, पण पॅकेजमध्ये फिजिओ धरलेला नव्हता, डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसचं अप्रूव्हल यायला रात्र झाली, डॉक्टर मात्र राउंडला थांबून शंकांना उत्तरं देतात. अंगठा एकही नाही.

"यातला मला कुठला कामाचा, सांग."

माझं म्हणणं तेच होतं. जो रिव्ह्यू आधी येतो तो आधी दिसतो, दिसतो म्हणून अंगठे मिळतात, अंगठ्यांमुळे आणखी वर जातो. अशा मतांवर शिकलेलं मॉडेल गर्दीची सवय तेवढी उचलणार. मंद्यानं लांबीचा निकष काढला. उपयुक्ततेवरच्या अभ्यासांत लांबी ठळकपणे येते हे खरं, पण मग लांबलचक स्तुतीही वर चढते.

"भावना ओळखू की," मंद्या. "पुण्याच्याच एलथ्रीक्यूब या संशोधन गटाचं महाबर्ट हे मराठीसाठीचं मॉडेल आहे, भावनांच्या खुणा केलेल्या मराठी ट्वीट्सचा डेटासेटही आहे त्यांचा."

ती मोठी सोय आहे, पण 'खूप छान' यात भावना ठासून भरलीय आणि माहिती शून्य. शिवाय आपले लोक एकच शब्द तीन स्पेलिंगनं लिहितात. ते मॉडेलला कळलं नाही, तर ताईंना सापडला तसा रिव्ह्यू पहिल्या चाळणीतच गळतो.

नाना इतका वेळ गप्प होते. "अरे, ऑपरेशन चांगलं झालं की नाही हे पेशंटला काय कळणार? आणि खोट्या रिव्ह्यूंचं काय? भारतीय मानक ब्युरोनं 2022 मध्ये आयएस 19000 हे मानक आणलं, रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे, छापायचे याचं. तेही ऐच्छिक!"

पहिला मुद्दा मला अर्धाच पटतो. शस्त्रक्रियेचं कसब पेशंटला जोखता येत नाही, पण बिल किती वाढलं, किती ताटकळावं लागलं, कोणी समजावून सांगितलं का, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. मॉडेलनं तेच शोधावं. त्यासाठी अंगठे बाजूला ठेवून, आजारपण काढलेल्या घरांतल्या माणसांकडून रिव्ह्यूंवर खुणा करून घ्यायला हव्यात: खर्च, वेळ, संवाद, नंतरची काळजी. एकच रिव्ह्यू दोघांनी वेगवेगळा तपासायचा, मतं जुळली नाहीत तर तिसऱ्यानं बघायचा.

"फार वेळखाऊ आहे," मंद्या कुरकुरला.

"मी करते खुणा," ताई म्हणाल्या. "पण जखम चिघळल्याची तक्रार कोणी दोन ओळींत, अशुद्ध लिहिली असेल, तर तुझं मॉडेल ती खाली ढकलणार नाही, हे आधी कबूल कर."

मंद्यानं लगेच हो म्हटलं नाही. अशा तक्रारी गुणांच्या उतरंडीत घालायच्याच नाहीत, वेगळ्या काढून माणसानं वाचायच्या, असं नानांनी सुचवलं. रोज वाचणार कोण, यावर पुन्हा जुंपली.