रक्त दिसलं की मूळव्याधच, हे कुणी ठरवलं?

एसटी स्टँडच्या मुतारीपासून लोकलच्या डब्यापर्यंत सगळीकडे ते एक पोस्टर चिकटवलेलं असतंच, मूळव्याध भगंदर फिशर, बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज, खाली मोबाईल नंबर. ते वाचून वाचून आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की संडासला रक्त दिसलं की माणूस स्वतःच स्वतःला मूळव्याध झाली म्हणून मोकळा होतो. घरचे म्हणतात उष्णता झाली असणार, मग सब्जा, गुलकंद, ताक सुरू, मिसळ बंद, मेडिकलवाल्याकडून एक मलम आणि विषय संपला. विषयच असा आहे की संपलेला सगळ्यांना बरा वाटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुणीतरी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्याला मूळव्याध म्हणायचं नाही. आपण नाही आणि डॉक्टरनेसुद्धा नाही.

आता घोळ असा की बहुतेकांचं निघतंही तेच, मूळव्याध नाहीतर फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. मूळव्याधीत सहसा दुखत नाही, शौचाला झाल्यावर लालभडक रक्त थेंब थेंब पडतं, कधी भांडं लाल होतं आणि माणूस घाबरून पांढरा पडतो. फिशरमध्ये रक्त थोडंसंच पण काच फिरवल्यासारखं दुखतं आणि नंतर बराच वेळ नीट बसवत नाही. दोन्हीला पाणी, पालेभाज्या, इसबगोल, कोमट पाण्याच्या टबात बसणं, कुंथणं बंद आणि कमोडवर रील बघत अर्धा अर्धा तास बसणं बंद (हे वाचून कोण हसतंय मला माहितीये), एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. रक्ताबरोबर चिकट आव, मुरडा आणि ताप असेल तर इन्फेक्शन असू शकतं, तिथे शौचाची तपासणी करून औषध घ्यायचं. आणि आव-रक्त आठवडेच्या आठवडे चालू असेल तर आतड्याला सूज असू शकते, त्यातल्या एका आजाराला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, तो कॉलेजच्या पोरांनाही होतो.

पण माझा मामा यातल्या कशातच बसत नव्हता. पन्नाशी ओलांडलेला, रक्त शौचात मिसळून यायचं, सकाळी चार-पाच वेळा जाऊनही पोट साफ झाल्यासारखं वाटायचं नाही, पट्ट्याला नवीन भोक पाडायची वेळ आली तरी म्हणे डाएट चाललंय. डॉक्टरकडे गेला नव्हता असं नाही, गेला होता, पण टेबलाच्या पलीकडून दोन प्रश्न विचारून गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट. मामालाही तेच हवं होतं. शेवटी हिमोग्लोबिन आठवर आलं तेव्हा मामीने ओढत सर्जनकडे नेलं. डाव्या कुशीवर झोपा, गुडघे पोटाशी घ्या, हातात ग्लोव्ह, बोटाला जेली, गुदद्वारातून बोटाने आतून तपासणी, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. गाठ बोटाला लागली. मग कोलोनोस्कोपी (कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघणं), बायोप्सी, कॅन्सर निघाला, रेडिएशन, केमो, ऑपरेशन, काही महिने शौचासाठी पोटावर पिशवी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं म्हणून निभावलं. आज मामा ठणठणीत आहे आणि राजकारणावर पूर्वीइतकाच भांडतो.

मला राग येतो तो त्या एका मिनिटाचा. ना पेशंट करू देतो ना डॉक्टर आग्रह धरतो. बायकांचं तर विचारूच नका, डिलिव्हरीनंतरचं आहे म्हणून वर्षानुवर्षं अंगावर काढतात आणि हिमोग्लोबिन कमी आलं की पाळीच्या नावावर खपतं. लेडी डॉक्टर मागा, नर्सला थांबायला सांगा, पण तपासून घ्या. आणि आधीपासून मूळव्याध असली म्हणजे दुसरं काही होणार नाही असं नसतं हो, दोन्ही एकाच माणसाला असू शकतं.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा छोट्या कोंबापासून, म्हणजे पॉलिपपासून सुरू होतो आणि त्याला बरीच वर्षं लागतात, तोवर सापडला तर कोलोनोस्कोपीतच काढून टाकता येतो. अमेरिकेत २०२१ मध्ये काहीच त्रास नसलेल्यांनीही तपासणी सुरू करायचं वय ५० वरून ४५ वर आणलं. आपल्याकडे सरकारी तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची होते, आतड्याची नाही, त्यामुळे रक्त दिसणं हाच आपला अलार्म आणि तोच आपण मलम लावून बंद करतो. चाळिशीपुढचे असाल, वजन उतरत असेल, पोटाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर आधी कोलोनोस्कोपीचं विचारा, मलमाचं नंतर. तरुण असाल आणि रक्त थांबत नसेल तरी तेच. कोलोनोस्कोपीत आदल्या दिवशी पोट साफ करायला पावडरचं पाणी पिणं आणि संडासच्या फेऱ्या हाच खरा वैताग, तपासणी झोपेच्या इंजेक्शनमध्ये होऊन जाते.

आता हे मात्र त्याच दिवशी, रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जायचं: शौच डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची झाली तर. ते बहुतेकदा वरचं रक्त असतं, अन्ननलिका-जठराकडचं, आणि गुडघेदुखीच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांना, दारूने लिव्हर गेलेल्यांना हे होतं. (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते आणि बीट खाल्ल्यावर लाल, ते आधी आठवून बघा.) गाठी गाठी रक्त पडतंय, चक्कर, घाम, छातीत धडधड, रक्ताची उलटी, पोट असह्य दुखतंय, तरी तसंच. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, मनाने बंद करू नका. आणि तान्हं बाळ थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल आणि शी लाल जेलीसारखी असेल तर ग्राईप वॉटर पाजत बसू नका, आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं, तिथे तास मोजावे लागतात.

डॉक्टरला सांगायला लाज वाटत असेल तर मोबाईलवर फोटो काढून न्या, रंग, किती, सगळं कळतं. फक्त तो मला इनबॉक्सला पाठवू नका, मागच्या वेळी पाठवलेत दोघांनी, मी जेवत होते.