बाराशे पन्नास एफपीएसची दया

एअरगनच्या जाहिरातींत आणि शेतावरच्या रील्समध्ये एक दावा सध्या जोरात फिरतोय. ‘1250 एफपीएसची घ्या. लायसन्स लागत नाही, आणि वेग एवढा की सशाला कळायच्या आत खेळ खलास. जास्त वेग म्हणजे जनावराचे हाल कमी.’

आधी तो आकडाच बघू. एफपीएस म्हणजे छर्रा सेकंदाला किती फूट जातो तो वेग. 1250 फूट म्हणजे सेकंदाला 381 मीटर. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे बिनपरवाना एअरगनचा बोअर, म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास, 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही, आणि नळीच्या तोंडाशी ऊर्जा 20 ज्यूलच्या वर जाऊन चालत नाही. ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं, हे नववीच्या विज्ञानातलं सूत्र. शिशाचा नेहमीचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास असतो. तो 381 मीटरनं सुटला तर 36 ज्यूल होतात, म्हणजे परवाना आलाच. 20 ज्यूलमध्ये बसायचं तर छर्रा 0.27 ग्रॅमचा हवा. खोक्यावरचे असले आकडे बहुतेकदा अशाच हलक्या, बिनशिशाच्या छर्‍यानं काढलेले असतात. शिशाची डबी आणलीत की कायद्यात बसणारी कुठलीही एअरगन 283 मीटरच्या पुढे जात नाही. ‘1250’ आणि ‘लायसन्स नको’ ही दोन्ही वाक्यं शिशाच्या छर्‍याला एकदम लागू पडत नाहीत, हे विकणारा सांगत नाही.

समजा, हलका छर्रा घातला आणि वेग मिळालाच. तरी उपयोग काय? हा छर्रा कमरेत बारीक आणि मागे घागर्‍यासारखा पोकळ असतो. हवेचा विरोध त्याला लवकर अडवतो, आणि हलका असला तर फारच लवकर. सेकंदाला 340 मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या सीमेवर, तो डगमगायला लागतो आणि भलतीकडे जातो. शिवाय वर आवाजाचा कडाका होतो तो वेगळाच.

नेमबाजांना हे पक्कं ठाऊक आहे. ऑलिंपिकच्या 10 मीटर एअर रायफलमध्ये छर्रा सेकंदाला जेमतेम 170-180 मीटरनं जातो, आणि दहा गुणांचा ठिपका असतो अर्धा मिलिमीटर. सिडनीत 2000 साली अंजली भागवत ज्या प्रकारात अंतिम फेरीत पोचली, तो हाच.

‘वेगाच्या धक्क्यानंच मरतो’ हे तर ऐकवत नाही. अर्ध्या ग्रॅमच्या शिशात धक्क्यानं जीव घेण्याएवढं काही नसतं. मेंदूत बसला तरच जनावर जागीच पडतं. ब्रिटनमध्ये सशाची एअर रायफलनं शिकार कायदेशीर आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये बिनपरवान्याची मर्यादा 12 फूट-पाउंड, म्हणजे 16 ज्यूलच, आपल्यापेक्षाही कमी. तिथले जाणते शिकारी वेगाची फुशारकी मारत नाहीत. 25-30 मीटरवर प्रत्येक छर्रा इंचभर गोलात बसतो का, ते आधी कागदावर बघतात, नाहीतर चाप ओढत नाहीत. नेम डोळा आणि कानाच्या मुळाच्या मध्ये धरतात. पोटात बसला तर ससा पळतो, बिळात शिरतो आणि आत सावकाश मरतो. वेग कितीही असो.

राहिला कायदा, आणि रील बनवणार्‍यांची सगळ्यात मोठी थाप इथेच आहे. लायसन्स लागत नाही ते बंदूक बाळगायला. त्या बंदुकीनं काय मारायचं, ते 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा ठरवतो. आपला रानससा त्याच्या दुसर्‍या अनुसूचीत आहे, घोरपड पहिल्या. कलम 9 नं त्यांच्या शिकारीला बंदी आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करायचा, छर्रा भरायचा नाही. आणि ‘लागलाच नाही हो, नुसता मारून बघितला’ ही पळवाटही बंद आहे, कारण त्या कायद्याच्या व्याख्येत मारायचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच धरली आहे.