पडली तर जबाबदार कोण? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण तिच्यामागे आईची काळजी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आईने जन्मभर सरद-वायंगण, म्हणजे पावसाळी आणि हिवाळी, दोन्ही भातं केली, विहिरीचं पाणी शेंदलं, तिला ऐंशीव्या वर्षी व्यायाम कसला शिकवता? मागच्या पावसात ती पायरीवरून घसरली, तेव्हापासून तुम्ही हात धरून उठवल्याशिवाय तिला उठू देत नाही. सोमवारी उपास असतो, गाडीने मंगेशीच्या देवळात नेता, एक प्रदक्षिणा होते, तेवढं पुरे. आणि खुर्चीवरून उठबस करण्याचा माझा लेख वाचून कुणी पडलं, तर जबाबदार कोण?

शेतातली ताकद अंगात साठून राहत नाही. २००७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांतले जवळजवळ १ किलो स्नायू झडले. तुमची आई वर्षभर बसून आहे. उलट बाजूही तेवढीच खरी. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून ८ आठवडे वजनाचे व्यायाम करून घेतले, तर मांड्यांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. देखरेखीखाली अर्थात. आईला वजनं उचलायला लावा असं मी सांगत नाही. ऐंशीला उशीर झाला, एवढंच मला मान्य नाही.

आता प्रदक्षिणा. २०१९ साली १०८ चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. व्यायामाने वृद्धांच्या पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. पण ते प्रामुख्याने तोल सांभाळण्याच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामांनी. नुसत्या चालण्याबद्दल तसं ठामपणे सांगता आलेलं नाही. शिवाय धुतलेल्या गुळगुळीत फरशीवर, पावसाळ्यात, अनवाणी, उपाशीपोटी फेरी घालणं हे माझ्या मते खुर्चीपेक्षा कितीतरी धोक्याचं. आईला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाच्या दिवशी साखर एकदम उतरू शकते. देवाला जाऊ नका असं नाही. आधी काही खाऊ द्या आणि गोळीचं डॉक्टरांना विचारा.

हात धरून उठवण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. हात ओढला की खांदा दुखावतो, माणूस मागे रेलतो आणि मांड्यांना काही कामच उरत नाही. त्याऐवजी हात असलेली, गुडघ्याएवढ्या उंचीची जड खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, टाईल्सवर ती सरकते. बलकांवातला सोपो, म्हणजे घरापुढच्या ओसरीतला बांधीव बाक, तोही नको, त्याला रेटा द्यायला हात नसतात. आईला पुढे, खुर्चीच्या कडेशी सरकू द्या. पाऊलं गुडघ्यांच्या थोडी मागे, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुकायचं आणि खुर्चीच्या हातांवर रेटा देऊन तिनेच उठायचं. उठताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही, कारण त्याने रक्तदाब चढतो.

तुम्ही उभं राहायचं तिच्या कमकुवत बाजूला, किंचित मागे. एक हात कमरेपाशी, दुसरा खांद्यासमोर, दोन्ही तयार, पण गरज लागेपर्यंत भार न घेता. तोल गेलाच तर झेलायला जाऊ नका, दोघी पडाल. अंगाशी धरून हळूहळू खाली बसवा. नंतर लगेच उचलू नका, कुठे दुखतंय ते आधी विचारा.

उभं राहिल्यावर मिनिटभर थांबू द्या. रक्तदाबाच्या गोळ्यांवर असलेल्यांना याच क्षणी घेरी येऊ शकते. काही गोळ्या नाडीची गती दाबून ठेवतात, म्हणून ठोके मोजून किती दम लागला ते कळत नाही. त्यापेक्षा तिला बोलतं ठेवा. बोलता येतंय पण गाता येत नाही, इतपत श्रम ठीक. छातीत दुखलं, दम कोंडला, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

वेळ सकाळची, पेज किंवा नाश्ता झाल्यावर थोड्या वेळाने. एप्रिल-मेमध्ये उकाडा वाढायच्या आत आटपा, दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग तापतं. पावसात सगळं घरातच. चिऱ्याच्या पायऱ्यांवरचं शेवाळ तेवढं खरवडून घ्या, ती घसरली ते बहुधा त्यावरच.

जबाबदारीचं विचारलंत. कुणी पडणारच नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, पण बसवून ठेवणाऱ्यालाही ती देता येत नाही. आई एकदा पडलेली आहे, तेव्हा सुरुवात करण्याआधी डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला दाखवाच. हाडांची घनता तपासली होती का, तेही कळवा. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून पायाचे अंगठे धरणं, कमरेतून पीळ देणं असले प्रकार आधीच वगळावे लागतील. खुर्चीची उठबस तिला चालेल का, ते फिजिओथेरपिस्टसमोरच करून बघा.